नवी गाडी घ्यावी की जुनीच रेटावी? वाढलेला गाडी-कर आणि आपले हिशोब (सातारा-सांगली)

कोयनाकाठ
राम राम मंडळी.
राहायला कराडात, नोकरी साताऱ्यात. रोजचं जाणं-येणं एसटीनं होतं, पण आई-वडील पाटण खोऱ्यात असतात, त्यामुळे शनिवार-रविवारी गाडी लागतेच. गाडी डिझेल, २०१० ची, एमएच ११. घाटात अजून दम आहे. पण आरसी बुकावरची पंधरा वर्षं संपत आली आणि घरात वाद सुरू झाला: हिचंच पुन्हा पासिंग करून घ्यायचं, की ही काढून सीएनजी घ्यायची?

म्हणून एका शोरूममध्ये जाऊन बसलो. पोरगा चुणचुणीत होता. चहा दिला, टॅबवर रंग दाखवले आणि शेवटी कोटेशनचा कागद पुढं सरकवला. एक्स-शोरूम ८ लाख. त्याखाली आरटीओ ६४ हजार, त्याखाली विमा, फास्टॅग, मॅट-कव्हर आणि 'हँडलिंग'. हँडलिंग कशाचं म्हणून विचारलं तर त्यानं ती ओळ पेनानं खोडून टाकली. विचारणाऱ्यासाठी खोडायची आणि न विचारणाऱ्याकडून घ्यायची, अशी ती ओळ असावी.

आरटीओच्या ६४ हजारांवर मात्र पेन चालत नाही. तो कागद घरी आणून बसलो आणि हिशोब मांडला. सीएनजी गाडीला महाराष्ट्रात १० लाखांपर्यंत ७ टक्के एकरकमी कर होता, १ जुलै २०२५ पासून तो ८ टक्के झाला. पुढे २२ सप्टेंबरला लहान गाड्यांचा जीएसटी उपकरासकट २९ वरून १८ टक्क्यांवर आला. सगळीकडे ढोल वाजले. गाडी स्वस्त झाली हे खरंच आहे, खोटं कशाला बोलू. आज ८ लाखांना मिळणारी हीच गाडी २९ टक्क्यांच्या काळात पावणेनऊ लाखांच्या आसपास जाते. पण त्या पावणेनऊ लाखांवर जुन्या ७ टक्क्यांनी आरटीओ कर साधारण ६१,२०० रुपये झाला असता. आज गाडी ७४ हजारांनी उतरूनही कर ६४,०००. म्हणजे केंद्रानं सोडलं त्यातलं थोडं राज्यानं उचललं.

दुसरी गंमत. राज्याचा कर एक्स-शोरूमवर लागतो आणि एक्स-शोरूममध्ये जीएसटी आधीच बसलेला असतो. ८ लाखांतले १,२२,००० रुपये जीएसटी आहे. त्या १,२२,००० वरसुद्धा ८ टक्के, म्हणजे पावणेदहा हजार, मी करावरचा कर भरणार. कारखान्याची आणि विक्रेत्याची मिळून गाडी पावणेसात लाखांची, सरकारचे दोन्ही मिळून १ लाख ८६ हजार.

मला राजकारण नको आहे. सातारा-सांगलीत यंदा कुणी गाडी घेतली असेल, जुनीचं पासिंग केलं असेल, त्यांनी आपापले आकडे टाकावेत. सीएनजी आपण परवडतं म्हणून घेतो, आणि कर वाढवताना नेमकी तीच सापडली, एवढंच मला टोचतंय.

मिरजवाला
कोयनाकाठ दादा, एवढा हिशोब कशाला? कर्नाटकात पासिंग करा की. मिरजेतनं कागवाड किती लांब हाय? आमच्याकडं अर्धी मिरज पेट्रोल भरायला तिकडं जाते. केए नंबर लावून फिरायचं बिनधास्त.

येरळा
मिरजवाले, पेट्रोलचं ठीक आहे, पासिंगचा सल्ला देऊ नका. कर्नाटकात कर कमी आहे हे कुणी सांगितलं? तिकडं ५ लाखांपर्यंत १३, १० लाखांपर्यंत १४, २० लाखांपर्यंत १७ आणि त्याच्या वर १८ टक्के, आणि करावर उपकर वेगळा. आपल्याकडं पेट्रोलला ११, १२, १३ आणि डिझेलला १३, १४, १५. सीएनजीला आता ८, ९, १०. म्हणजे दादांची ८ लाखांची सीएनजी कागवाडला नेली तर ६४ हजारांऐवजी लाखाच्या पुढं जाईल.

शिवाय तिकडचा पत्ता लागतो. भाडेकरार करून देणारे एजंट असतात, त्यांच्या नादी लागू नका. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं राहिली तर इथं नोंद करावी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. पकडलं तर इथला करही भरायचा आणि दंडही.

आणि डिझेलचं म्हणाल तर तिथंही पूर्वीची मजा राहिली नाही. कर्नाटकानं जून २०२४ ला पेट्रोल-डिझेल दोन्हींवरचा कर वाढवला आणि एप्रिल २०२५ ला डिझेलवर पुन्हा वाढवून २१ टक्क्यांच्या पुढं नेला. आपल्याकडं डिझेलला २१ टक्केच आहे.

मिरजवाला
बरं बाबा, माघार. पण पेट्रोल तिकडंच भरणार.

पिवळी_पाटी (तासगाव)
पांढऱ्या पाटीवाल्यांचं रडगाणं वाचतोय मगापासनं. आमचं पण ऐका जरा.

माझा पिकअप हाय. हंगामात द्राक्षं, बाकीच्या दिवसांत हळद, भाजी, खतं, मिळंल ते. जुना गाडा थकला म्हणून नवा बुक केला तर शोरूमवाला म्हणला, आता ७ टक्के एकदमच भरायचं. साडेसात टनांपर्यंतच्या सगळ्या माल-गाड्यांना १ जुलैपासनं किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर. आधी वजनावर होता, वर्षाला भरायचा, जमंल तसं ओढत नेता यायचा. आता गाडी दारात यायच्या आधी पन्नास हजार टेबलावर ठेवा.

ह्यात खरी मेख कुठं हाय सांगतो. माझ्या बँकेनं कर्ज दिलं ते एक्स-शोरूमवर. कर, विमा, मागची बॉडी, ताडपत्री, सगळं खिशातनं. द्राक्षाचे पैसे व्यापारी कधी देतो ते तासगावात कुणालाबी विचारा. मग ते पन्नास हजार मी कुठनं आणले? सोसायटीतनं नाहीत मिळाले. हातउसने आणले, दोन टक्क्यानं. महिन्याला दोन, वर्षाला न्हाय.

आणि एक. तीन हजारांचा वर्षाचा टोल पास निघाला तवा सगळे खूश. तो फक्त खाजगी कार, जीप, व्हॅनला. पिवळ्या पाटीला न्हाय. पुण्याच्या मार्केटला माल टाकायला आठवड्याला जाणारा मी, आणि पास कुणाला, तर महाबळेश्वरला फिरायला येणाऱ्याला!

कोयनाकाठ
अण्णा, ही बाजू माझ्या डोक्यातच नव्हती. धाग्याचं नाव 'गाडी-कर' आहे, तुमची पण गाडीच. लिहा मोकळेपणानं.

नीरक्षीर
कोषागारात आयुष्य गेलं, त्यामुळे आकड्यांपुरतं बोलतो. काहींना पटणार नाही.

मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात वाहन कराचे जे प्रस्ताव होते त्यांत प्रत्येकातून किती जादा महसूल येईल याचा अंदाज दिलेला होता. सीएनजी-एलपीजीच्या एका टक्क्यातून १५० कोटी. क्रेन, कॉम्प्रेसर वगैरे बांधकामाच्या वाहनांवरच्या ७ टक्क्यांतून १८० कोटी. महागड्या गाड्यांच्या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख केली, त्यातून १७० कोटी. आणि हलक्या माल-वाहनांच्या ७ टक्क्यांतून ६२५ कोटी.

तेव्हा कोयनाकाठ, तुमची सीएनजी सापडली खरी, पण मोठा मासा ती नव्हेच. सगळ्यात मोठा वाटा पिवळी_पाटी यांच्यासारख्यांकडून येणार हे सरकारनं स्वतःच धरलेलं होतं. चॅनेलवर मात्र त्या रात्री चर्चा चालली ती विजेच्या महागड्या गाड्यांची.

आता दुसरी बाजू. एकरकमी करामुळे वाहनधारकाचा दरवर्षीचा हेलपाटा वाचतो, थकबाकी राहत नाही, पुढे दंड चढत नाही. वार्षिक कर थकवून गाडी विकणारे आणि नव्या मालकाच्या गळ्यात ती थकबाकी घालणारे थोडे नव्हते. मी अशा भानगडी भरपूर पाहिल्या. आणि सप्टेंबरमध्ये माल-वाहनांचाही जीएसटी २८ वरून १८ झाला आहे. तो धरा ना हिशोबात.

पिवळी_पाटी (तासगाव)
धरतो की साहेब. साडेसात लाखाचा पिकअप जीएसटी उतरल्यावर ६ लाख ९१ हजाराला आला. वाचले ५८ हजार. त्याच्यावर ७ टक्के झाले ४८ हजार. राहिले १० हजार. माझा गाडा तर ऑगस्टमधला, म्हणजे मला २८ टक्के पण लागला अन् ७ टक्के पण. दोन्हीकडनं.

नीरक्षीर
ऑगस्टमध्ये घेतलात हे दुर्दैव. पण ४८ हजार हा गाडीच्या पूर्ण आयुष्याचा कर आहे आणि जीएसटीची बचत त्याच दिवसाची, दोन्ही एका तागडीत घालू नका.

पिवळी_पाटी (तासगाव)
साहेब, गाडीचं आयुष्य मोठं असतंय, पण दोन टक्क्याच्या व्याजाचा महिना लई लहान असतोय.

वेण्णा
अण्णा, नीरक्षीर काका, दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून वाद मिटवत नाही, कारण माझ्या मते अण्णांचं जास्त बरोबर आहे. एकरकमी कर वसूल करणाऱ्याच्या सोयीचा, भरणाऱ्याच्या नाही. पगारदार माणसाला ईएमआय लावून तो पचतो. हंगामावर जगणाऱ्याला नाही. हप्ते पाडून दिले असते तर काय बिघडत होतं?

माझं स्वतःचं सांगते. मी कोरेगाव तालुक्यात शिक्षिका, शाळा आडबाजूला, एसटी दिवसाला मोजून. स्कूटर आहे, पण पावसात त्या रस्त्याला स्कूटर घालायला जीव धजत नाही. म्हणून जुनी चारचाकी बघतेय, तीन-साडेतीन लाखांपर्यंत. कुणी म्हणतं जुन्या गाडीवर पण आता १८ टक्के जीएसटी. साडेतीन लाखांवर ६३ हजार? मग राहू दे.

येरळा
वेण्णाताई, हा गैरसमज डिसेंबर २०२४ पासून फिरतोय. जैसलमेरच्या जीएसटी परिषदेत ठरलं ते असं: नोंदणीकृत व्यापारी जुनी गाडी घेऊन विकत असेल तर त्याच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर १८ टक्के. पूर्वी लहान गाड्यांना तो १२ होता. व्यापाऱ्यानं ३ लाख १० हजाराला घेऊन साडेतीनला विकली तर ४० हजारांतला कर, साडेतीन लाखांवर नाही. आणि घरगुती मालकाकडून थेट घेतलीत तर जीएसटीचा संबंधच नाही.

मात्र घेताना आरसीवरची तारीख बघा. पंधरा वर्षांना वर्ष-दीड वर्ष उरलेल्या गाड्या सध्या बाजारात भरपूर स्वस्तात आहेत, आणि त्या का आहेत ते कोयनाकाठ यांना विचारा. बँकेचं नाव आरसीवरून उतरलंय का, तेही बघा. कर्ज फिटलेलं असतं पण बोजा तसाच असतो.

विटेकर_दक्षिणेत
आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा. आमच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातली माणसं कुठं कुठं आहेत ते इथं सांगायला नको. दिवाळीला नाहीतर गावच्या जत्रेला विट्यात येऊन बघा, सगळ्या भारताच्या नंबरप्लेटा एका गल्लीत दिसतील.

माझी गाडी तमिळनाडूची. तिथं २०२३ च्या नोव्हेंबरपासून १० ते २० लाखांच्या गाडीला १८ टक्के आणि २० लाखांच्या वर २० टक्के. तीच पेट्रोल गाडी सांगलीत घेतली तर १२ टक्के. त्यामुळे 'महाराष्ट्रातच लूट' असं जे सगळे म्हणतात ते दक्षिणेत राहून बघितल्यावर तितकं खरं वाटत नाही. आपल्याकडं महाग आहे ते डिझेल गाडीला आणि कंपनीच्या नावावर घेणाऱ्याला. कंपनीच्या नावावर सरळ २० टक्के.

खरा त्रास वेगळाच. धंदा बंद करून कायमचं गावी यायचं ठरवलं तर तिथून ना-हरकत आणायची, इथं उरलेल्या वर्षांचा कर भरायचा आणि तिथला उरलेला परत मागायचा. भरायचं काम एका दिवसात होतं. परत मिळायचं काम किती दिवसात होतं ते विचारू नका. आमच्या आळीत लोक त्या भानगडीत पडतच नाहीत, गाडी तिकडंच विकून मोकळे होतात, पडेल त्या भावाला.

अपशिंगेकर
जय हिंद. ह्याच त्रासासाठी बीएच, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणाऱ्या 'भारत' नंबरांची मालिका आली, सप्टेंबर २०२१ मध्ये. मी फौजेत. आज पठाणकोट, उद्या जोधपूर. आमच्या गावात घरटी एक तरी माणूस सैन्यात, त्यामुळे बीएच पाट्या आता बऱ्याच दिसतात.

त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. दर १० लाखांपर्यंत ८, २० लाखांपर्यंत १०, पुढे १२. डिझेलला २ टक्के जादा, विजेच्या गाडीला २ टक्के कमी. चौदा वर्षं झाली की दरवर्षी, आधीच्या निम्म्यानं. बदली झाली की ना-हरकत नको, काही नको.

म्हणजे सरकारला हप्त्यानं कर घेता येतो. आमच्याकडून घेतंयच की. पण ही सोय केंद्र-राज्याचे कर्मचारी, सैन्य, बँका आणि चार किंवा जास्त राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांना. पिवळी_पाटी अण्णांना नाही, ते गाव सोडून जाणार नाहीत ना, म्हणून.

पिवळी_पाटी (तासगाव)
फौजी, ह्ये ब्येस बोललात.

टेम्सकाठचा_वाईकर
वाचतोय, राहवलं नाही म्हणून लिहितो. मूळचा वाईचा, बरीच वर्षं इंग्लंडात.

इथं एकरकमी असं काही नाही, दरवर्षी कर. २०१७ नंतरच्या बहुतेक गाड्यांना पहिलं वर्ष धुराच्या प्रमाणात आणि दुसऱ्या वर्षापासून सरसकट ठरावीक रक्कम. एप्रिल २०२५ मध्ये ती १९५ पौंड झाली. त्याच महिन्यापासून विजेच्या गाड्यांची माफी पण संपली, त्यामुळे पर्यावरणासाठी म्हणून घेतलेल्या माझ्या शेजाऱ्याची चिडचिड तुम्ही तिथून ऐकली असेल. २०२५ मध्ये ४० हजार पौंडांच्या वरच्या गाडीला पाच वर्षं आणखी ४२५ पौंड होते. इथलाही सामान्य माणूस करानं वैतागलेलाच आहे, तिथं आणि इथं फरक नाही.

पण दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. कर महिन्याच्या हप्त्यानं बँकेतून कापून घेता येतो, थोडा जादा आकार पडतो एवढंच. आणि गाडी विकली, भंगारात दिली की उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे अर्ज न करता घरी येतात. पूर्वी काचेला कराची गोल चिठ्ठी लावावी लागायची, ती २०१४ मध्ये बंद झाली. आता कॅमेरा नंबर वाचतो.

आणि एक उलटी गंमत. ४० वर्षांच्या वरच्या गाडीला इथं कर माफ, वारसा म्हणून. आपल्याकडं गाडी म्हातारी झाली की तिच्यावर कर वाढतो.

मिरजवाला
वाईकर, म्हणजे माझ्या आज्याची जीप तुमच्याकडं पाठवू का?

कोयनाकाठ
वाईकरांनी म्हाताऱ्या गाडीचा विषय काढलाच, तर तो हिशोबही टाकतो. दरम्यान कार्यालयात जाऊन चौकशी केली.

पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी करून मिळते. 'पंधरा झाली की भंगार' हे दिल्लीकडचं, आपल्याकडं नाही. गाडी तपासणीत पास झाली पाहिजे. एप्रिल २०२२ पर्यंत या कामाची फी ६०० रुपये होती, तेव्हापासून ५,०००. दुचाकीची ३०० ची १,०००. आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाप्रमाणे वीस वर्षं पार केलेल्या कारला १०,००० आणि मोटारसायकलला २,०००. म्हणजे माझी गाडी आता ५,००० मध्ये होईल आणि अजून पाच वर्षं टिकली तर पुढच्या खेपेला १०,०००. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली तर कारला महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क.

त्याआधी नवी उच्च सुरक्षा पाटी, कारण एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी. ७४५ आणि जीएसटी धरून ८७९ रुपये. तारखा इतक्या वेळा पुढं गेल्या की आमच्या कॉलनीत कुणी घाई केलीच नाही, आणि मग एकदम सगळ्यांना वेळ मिळेना.

पण खरं सांगू? हे सगळं मिळून जुन्या गाडीचा खर्च नव्या गाडीच्या नुसत्या आरटीओ कराच्या चौथाईच्या आत राहतोय. टायर आणि क्लचचं काम काढलं तरी. मग मी नवी का घ्यावी?

नीरक्षीर
कारण तुमची जुनी डिझेल गाडी कराड-पाटण रस्त्यावर जो धूर सोडते तो त्या रस्त्याकडेच्या शाळांतली पोरं गिळतात. जुन्या गाडीची फी वाढवण्यामागं ते कारण आहे आणि ते मला मान्य आहे. मला मान्य नाही ते एवढंच की जुनी महाग करायची आणि त्याच वर्षी कमी धुराची सीएनजी पण महाग करायची. दोन्ही दारं एकदम लावली की माणूस आहे तिथंच उभा राहतो. कोयनाकाठ तसेच उभे आहेत.

आणि वाहन कराचे पैसे रस्त्यालाच लागतात असं समजू नये. ते राज्याच्या एकत्रित निधीत जातात, तिथून कशालाही जातात. 'कर घेता आणि खड्डे ठेवता' ही तक्रार भावनेला धरून आहे, जमाखर्चाला धरून नाही.

येरळा
२०१७ विसरू नका काका. जीएसटी आला, जकात-एलबीटी गेली आणि त्याच वर्षी राज्यानं दुचाकी-चारचाकीचा कर सरसकट २ टक्क्यांनी वाढवला. पेट्रोल गाडी ९ ची ११ झाली ती तेव्हा. केंद्रानं काही कमी केलं की राज्याला गाडी आठवते, कारण पेट्रोल, दारू आणि गाडी सोडून त्याच्या हातात दुसरं उरलंय काय?

विजेवर_वाल्हेकर
सगळे पेट्रोल-सीएनजीवर अडकलात. विजेची घ्या. आरटीओ कर नाही, जीएसटी ५ टक्के. ३० लाखांच्या वरच्या विजेच्या गाड्यांवर ६ टक्के लावायचं अर्थसंकल्पात होतं, ते मुख्यमंत्री फडणवीसांनी त्याच अधिवेशनात विधान परिषदेत मागं घेतलं.

वेण्णा
वाल्हेकर, सीएनजीवाल्या साध्या माणसाचा एक टक्का राहिला आणि तीस लाखांच्या विजेच्या गाडीचे सहा टक्के गेले. ही बातमी तुम्ही आनंदानं सांगताय म्हणून विचारते.

विजेवर_वाल्हेकर
ताई, तसं नव्हे... बरं, तसंच आहे. पण लहान विजेच्या गाड्याही करमुक्तच आहेत की.

कोयनाकाठ
त्यांची किंमत सीएनजीपेक्षा दीड-दोन लाखांनी चढी. आणि पाटण खोऱ्यात आमच्या वाडीत पावसाळ्यात वीज गेली की तिसऱ्या दिवशी येते. धरणाच्या शेजारी राहून अंधारात, हे आमचं जुनंच आहे.

मिरजवाला
सगळे कर-कर करताय, पण परवा आमच्यात एकानं नंबरसाठी इतके मोजले की त्यात दादांची जुनी गाडी दोनदा पास झाली असती. ऑगस्ट २०२४ पासनं चारचाकीला ०००१ हवा असेल तर ३ लाखांचे ५ लाख केलेत सरकारनं. तरी मागणी हायच. आपल्या सातारा-सांगलीत ९ च्या बेरजेचा नंबर नसेल तर गाडी चालू होत न्हाय.

नीरक्षीर
तो कर मला सगळ्यात आवडतो. हौसेनं भरतात, तक्रार शून्य.

पिवळी_पाटी (तासगाव)
माझा नंबर ४१७३ आला, आपोआप. बेरीज १५, म्हणजे ६. शुक्र हाय म्हणतात. फुकट.

येरळा
कोयनाकाठ, नवी घ्यायचा विचार अजून असेल तर दोन बारीक गोष्टी. गाडी १० लाखांच्या वर गेली तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आधीच घेतलेला प्राप्तिकर, कापतात, तो विवरणपत्र भरून परत मिळतो, बरेच जण सोडून देतात. आणि जुनी विकण्याऐवजी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर जमा प्रमाणपत्र मिळतं, ते दाखवून नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. भंगारवाल्याला दिली तर ते मिळत नाही. फक्त तुमची गाडी चालू स्थितीत आहे, तिला भंगाराचा भाव घेऊन करात सवलत मिळवणं हे आतबट्ट्याचं ठरेल. बाजारात विका.

टोलचंही बघा. कराड-पुणे जाऊन-येऊन तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर मिळून सहा वेळा नाका लागतो. पास २०२५ मध्ये निघाला तेव्हा ३,००० ला २०० वेळा होता, म्हणजे वर्षाला तेहेतीस फेऱ्या. तुम्ही पाटणलाच जाणार असाल तर पास घेऊ नका, लोक घेताहेत म्हणून.

कोयनाकाठ
येरळा, मनापासून आभार. घरात बोलणं झालं. जुनीच पुढं न्यायची ठरतेय, धुराबद्दल नीरक्षीर काकांचं ऐकून इंजेक्टरचं काम आधी काढतो. पाच हजार, पाटी, पर्यावरण कर, विमा, सगळं धरून बजेट केलंय. पुढच्या आठवड्यात अर्ज टाकतो. एजंटशिवाय कुणी केलंय का हे काम? मला एकानं स्वतःचे म्हणून साडेतीन हजार वेगळे सांगितलेत.

वेण्णा
माझ्या भावानं केलं, एजंटशिवाय. परिवहनच्या साइटवर फॉर्म २५ भरायचा, फी ऑनलाइन, मग दिवस मिळतो त्या दिवशी गाडी घेऊन जायचं. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज घेतात. विमा आणि पीयूसी चालू हवं, आणि नवी पाटी बसवूनच जा, नाहीतर दारातून परत पाठवतात. चासी नंबर खरवडून नीट वाचता येईल असा करून ठेवा. त्याच्या गाडीचा गंजानं दिसेना म्हणून पहिल्या दिवशी काम राहिलं.

आणि पंधरा वर्षांची मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची ते आरसीवर बघा, घेतल्याच्या पावतीवर नको.

कोयनाकाठ
चासी नंबरचं बरं सांगितलंत. उद्या गॅरेजला टाकतो.

मिरजवाला
गॅरेजवाल्याला म्हणावं पावती दे. त्याच्यावर पण १८ टक्के हाय.